मामंजी तरले

मामंजी मरणार हे अगदी नक्की ठरलं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन, पाहून, माना डोलावल्या होत्या आणि सुताराने माप नेऊन पेटीसुद्धा करून आणली होती. ऐन वेळी माघार घेतली ती फक्त मामंजींनी.

पण त्याआधी एक गोष्ट होऊन गेली होती आणि पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला. मरायला टेकलेल्या मामंजींनी पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. चाळीस वर्षं हा माणूस पाळक समोरून येताना दिसला की रस्ता बदलायचा. चर्चमध्ये त्यांचं पाऊल मोठेपणी दोनदाच पडलं होतं, एकदा स्वतःच्या लग्नाला आणि एकदा बायकोच्या मयताला, आणि दोन्ही वेळा तोंडाला दारूचा वास येत होता. असा माणूस खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी आयुष्यात काही चांगलं केलेलं नाही. आता करायला वेळही नाही. माझं काही होण्यासारखं आहे का?"

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "काका, करून कुणाचंच काही होत नाही. देव देतो. फुकट देतो. आपण फक्त विश्वास ठेवायचा आणि हात पुढे करायचा."

मामंजींनी हात पुढे केला. मग त्यांनी एकेक पाप आठवून सांगायला घेतलं, ते दीड तास चाललं. त्यात एक असंही निघालं की चर्चच्या मागच्या भिंतीत मधोमध चारशे अर्धकच्च्या विटा मामंजींनी जाणूनबुजून खपवल्या होत्या. पाळकसाहेबांनी त्याचीही क्षमा झाल्याचं सांगितलं. मात्र पुढच्या रविवारी त्यांची खुर्ची भिंतीपासून चांगली दोन हात पुढे सरकलेली सगळ्यांनी पाहिली.

त्या रविवारचा उपदेश मामंजींवरच होता. "त्यांच्यापाशी काही सत्कृत्यं होती का?" पाळकसाहेबांनी विचारलं. "नाही!" सगळी मंडळी एका सुरात म्हणाली. इतक्या मनापासून मंडळी क्वचितच काही म्हणत असे. "तरीही तरले की नाही? कृपेने! आपल्या कामाने चिमूटभरही नाही!"

तिसऱ्या बाकावर सूनबाई बसली होती. सकाळी मामंजींचं अंग पुसून, चादर बदलून, भांडं रिकामं करून, नदीवर चादर आपटून ती आली होती, आणि हातांना अजून साबणाचा वास होता. सगळ्यांबरोबर तिनेही आमेन म्हटलं. पण आत कुठेतरी कुसळ घुसल्यासारखं झालं.

मंगळवारी मामंजींनी उकडलेलं अंडं मागितलं, गुरुवारी दोन मागितली आणि पुढच्या रविवारी ते उशीला टेकून बसले आणि पेटीत कोंबडी अंडी घालू लागली आहे का, असं विचारलं, कारण खोपट्यात ठेवलेली ती पेटी त्यांना खिडकीतून दिसत होती. कोंबडी खरंच घालू लागली होती.

तर आता भट्टीचं सांगायला हवं. घर वीटवाल्यांचं. नदीकाठची माती खणायची, तुडवायची, साच्यात घालून वीट पाडायची, वाळवायची आणि हंगामाच्या शेवटी सगळ्या कच्च्या विटांची भट्टी रचून ती पेटवायची. वर्षाचं सगळं त्या एका भट्टीत. या हंगामात मामंजी आधी आजारी आणि मग अंथरुणावर असल्याने माती तुडवली नवऱ्याने आणि विटा पाडल्या सूनबाईने. चार महिने ती साच्यापुढे उकिडवी बसली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांना घट्टे पडले होते, बोटांची नखं मातीने खाऊन टाकली होती आणि झोपेतही तिचे हात साचा उलटा करत असत. प्रत्येक वीट साच्यात दाबताना कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा खळगा उमटे. असे चाळीस हजार खळगे त्या भट्टीत रचून, वरून मातीने लिंपून, तयार उभे होते. भट्टी पेटवायची तेवढी राहिली होती.

आणि पेटवणं मामंजींशिवाय कुणाला येत नव्हतं. आग कमी पडली तर विटा आतून कच्च्या राहतात आणि पहिल्या पावसात चिखल होतात. जास्त झाली तर वितळून एकमेकींना चिकटतात आणि मग पहारीनेही सुटत नाहीत. धुराचा रंग बघून, वास घेऊन, कुठलं तोंड उघडायचं आणि कुठलं बुजवायचं हे मामंजी ठरवत. मुलाला त्यांनी ते कधी शिकवलं नाही. शिकवलं तर आपल्याला कोण विचारणार, अशी त्यांना भीती असावी. इकडे पश्चिमेला रोज दुपारी ढग जमू लागले होते.

"बाबांना विचारा," सूनबाई नवऱ्याला म्हणाली.

"बघू," नवरा म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला बघू म्हणायचा. लग्नात पाळकांनी हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का असं विचारलं तेव्हाही तो आधी बघू म्हणाला होता, असं लोक सांगत, आणि तेव्हापासून सगळे त्याला बघू म्हणूनच ओळखत.

तीन दिवस बघून झाल्यावर तो बापाच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. सूनबाई दाराशी भांडी घासायचं निमित्त करून बसली.

"बाबा, भट्टी लावायची का?"

"लाव की."

"तुम्ही येता ना?"

"मी?" मामंजींनी छातीवर हात ठेवला. "मी नाही बाबा. माझं काम झालं. मी तरलो."

"तरलात ते चांगलंच झालं. पण भट्टी..."

"पाळकसाहेब काय म्हणाले भर चर्चमध्ये? आपल्या कामाने चिमूटभरही नाही. मग मी उठून कामाला लागलो तर देवाला काय वाटेल? म्हातारा आतून काही मानत नाही, असंच ना?" मामंजींनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "मला आता नुसता विश्वास ठेवू दे."

विश्वास ठेवायला त्यांना दिवसातून चार वेळा खायला लागायचं. सूनबाईने हातातलं पातेलं असं आपटलं की त्याचा काठ वाकला. असून अडचण, नसून खोळंबा, ही म्हण कुणीतरी तिच्या सासऱ्याला पाहूनच केली असावी, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तडक पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेबांना बारमाही सर्दी असायची. ते अंगणात शर्ट वाळत घालत होते आणि खांद्यावर नाक पुसत होते.

"साहेब, तुम्ही आमच्या सासऱ्यांना काय सांगितलंत?"

"काय सांगितलं?"

"कामाने काही होत नाही म्हणून. ते आता कूस बदलायलाही तयार नाहीत. कूस बदलणं म्हणजेही काम, म्हणतात. कूस मी बदलते."

पाळकसाहेबांनी ओला शर्ट दोरीवर टाकला आणि तो पुन्हा काढून झटकला. "ताई, कामाने तारण मिळत नाही हे तर खरंच आहे. पण तारण मिळालं की माणूस आपसूक कामाला लागतो. झाड जिवंत असलं की पानं फुटतात, तसं."

"हे झाड पसरलंय नुसतं. पानं मी मोजली. एक नाही."

"वेळ लागतो."

"ढगांना वेळ लागत नाही." सूनबाई म्हणाली. खरं विचारायचं होतं ते वेगळंच होतं. "साहेब, एक सांगा. मग मी जे केलं, ते कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"सहा आठवडे त्यांचं काढलं. त्याआधी सासूबाईंचं दोन वर्षं. दर शनिवारी चर्च झाडते. कुणाची वाटी घरी आली तर रिकामी परत पाठवली नाही कधी. ते सगळं कुठे धरतात?"

पाळकसाहेब प्रामाणिक माणूस होते, तोच त्यांचा मोठा दोष होता. "तारणासाठी म्हणाल तर," ते हळूच म्हणाले, "कुठेच धरत नाहीत, ताई. तुम्हालाही ते फुकटच घ्यावं लागणार. काकांसारखंच."

"काकांसारखंच!"

"ते काम तुम्ही प्रेमाने केलंत. विश्वास होता म्हणून केलंत."

"मी वास येत होता म्हणून केलं, साहेब," सूनबाई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत फाटकाबाहेर पडली. आयुष्यभर राबून शेवटी आपण आणि तो अंडी खाणारा म्हातारा एकाच रांगेत, हे तिला काही केल्या गिळवेना. रांगेत तरी कुठे, तो पुढेच की.

पाळकसाहेबांना रात्रभर चैन पडलं नसावं. सकाळी ते स्वतः मामंजींकडे आले आणि विश्वास कृतीतून दिसायला हवा, कृतीविना विश्वास म्हणजे प्रेत, असं त्यांनी अर्धा तास समजावलं. मामंजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, हे तुम्ही मी मरत असताना नाही सांगितलंत."

"तेव्हा तुम्ही मरत होता."

"मग भाव बदलला का? मरणाऱ्याला फुकट आणि जगणाऱ्याला काम?"

पाळकसाहेबांना शिंक आली. ती नेहमीच अशा वेळी यायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ते निघून गेले. जाताना भट्टीकडे बघून त्यांनी मान हलवली आणि मनात प्रार्थना केली असावी, कारण ते एका दगडाला ठेचकाळले.

शेवटी बघूनेच आयुष्यात पहिल्यांदा न बघता निर्णय घेतला आणि भट्टी पेटवली. पहिले दोन दिवस मंद आग देऊन विटांमधला ओलावा काढायचा असतो. तोवर पांढरा, वाफेसारखा धूर येतो. तो थांबल्याशिवाय मोठे ओंडके घालायचे नसतात. एवढं बघूला ठाऊक होतं. पण ढग बघून तो घाबरला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने ओंडके घालायला सुरुवात केली. सूनबाई लाकडं ओढत होती. तिच्या भुवया जळाल्या होत्या आणि तोंड भाजलेल्या कणसासारखं झालं होतं.

दुपारी ती मामंजींचं जेवण घेऊन घरात आली तर खाट रिकामी. म्हातारा खिडकीला नाक लावून उभा होता. स्वतःच्या पायांवर. तिची चाहूल लागताच तो धडपडत खाटेवर पडला आणि त्याने डोक्यावरून पांघरूण घेतलं.

"मामंजी!"

पांघरुणातून हुंदका आला. सूनबाई दचकली. या माणसाला तिने बायकोच्या मयतालाही रडताना पाहिलं नव्हतं.

"पांढरा धूर आहे गं अजून," पांघरूण म्हणालं. "आणि गाढव ओंडके घालतंय. तडकतील सगळ्या."

"मग उठा ना! चालता येतंय तुम्हाला! सोंगं कशाला करता?"

मामंजींनी तोंड बाहेर काढलं. "सूनबाई, तुला खरं सांगू? मला येता येत नाही. पाय आहेत, पण येता येत नाही. मी भट्टीवर कधी शुद्धीत उभा राहिलेलो नाही. आणि शिवी दिल्याशिवाय आग माझं ऐकत नाही. चाळीस वर्षं अशीच भाजली. तिथे गेलो की माझा मी राहत नाही." त्यांनी नाक ओढलं. "आता कधी नाही ते देवाने काहीतरी दिलंय. मी गेलो की हातून सांडणार ते. दैव देतं अन् कर्म नेतं, तशातला मी. इथे पडून आहे तोवर हातून काही वाईट होत नाही. पडल्या पडल्या माणूस किती पाप करणार?"

सूनबाई खाटेच्या कडेवर टेकली. इतके दिवस तिला वाटत होतं की म्हातारा आयत्या पिठावर रेघोट्या ओढतोय. तो तर डोक्यावर भरला हंडा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखा घाबरून श्वास धरून होता. तिचा राग गेला नाही, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. बाहेर बघू खोकत होता. भट्टीच्या वाऱ्याकडच्या बाजूने लाल जीभ दिसू लागली होती.

"ठीक आहे," ती उठून म्हणाली. "काही करू नका तुम्ही. इथे पडायचं ते तिथे पडा."

ती धावत सुताराकडे गेली. सुतार आणि सुतारीण आले. सुतार आला तो मुख्यतः पेटीचं विचारायला, कारण म्हातारा जाडावला तर माप चुकेल याची त्याला काळजी होती. चौथा माणूस मिळेना, तेवढ्यात रस्त्याने पाळकसाहेब सायकल ढकलत चालले होते. त्यांना बोलायला अवसर न देता सूनबाईने त्यांच्या हातात खाटेचा एक पाय दिला. अशी मामंजींची मिरवणूक निघाली. पुढे सुतार आणि सुतारीण, मागे पाळकसाहेब आणि सूनबाई आणि वर पांघरूण घट्ट धरून मामंजी. लोकांनी टोप्या काढल्या. म्हातारा अखेर गेला असं त्यांना वाटलं. मग प्रेताने "खड्डा आहे रे, सांभाळा!" म्हटलं तेव्हा त्यांनी त्या घाईघाईने पुन्हा घातल्या.

खाट भट्टीपासून पंधरा पावलांवर ठेवली. मामंजींनी डोळे घट्ट मिटले होते.

"साहेब," ते म्हणाले, "बघणं हे काम आहे का?"

पाळकसाहेबांना धाप लागली होती. "नाही. बघणं काम नाही."

मामंजींनी एक डोळा उघडला, मग दुसरा. धूर बघितला. त्यांचा चेहरा दाढ ठणकल्यासारखा वाकडा झाला. थोडा वेळ त्यांनी ओठ चावून काढला.

"बोलणं?"

"बोलणंही... नसावं," पाळकसाहेब म्हणाले. धर्मशास्त्र शिकताना हा प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता.

"बघ्या!" मामंजी गरजले. त्या आवाजाने बघूच्या हातातला ओंडका पडला. "काढ! काढ ते ओंडके बाहेर! वाऱ्याकडचं तोंड बुजव! दुसरं नाही, तिसरं! तिसरं कळतं का? सुतारा, उभा काय राहिलास, माती आण!" उंटावरून शेळ्या हाकतात असं सूनबाईने ऐकलं होतं. खाटेवरून भट्टी हाकलेली ती आज पाहत होती. आणि शेळ्या ऐकत होत्या. लाल जीभ आत गेली. धूर पुन्हा पांढरा आणि शांत झाला. बघू घाम पुसत हसला, आणि त्या आनंदात त्याने चौथं तोंड, जे उघडं ठेवायचं होतं, तेही बुजवून टाकलं.

तेव्हा मामंजींच्या तोंडून शिवी गेली. साधीसुधी नव्हे. चाळीस वर्षं मुरलेली, तीन पिढ्यांना कवेत घेणारी, शेवटी पुन्हा वळून सुरुवातीला येणारी शिवी. सुतारणीने तोंडावर हात ठेवला. सुताराने मनात ती पाठ करून घेतली. आणि मग एकदम सगळ्यांचे हात थांबले, कारण मामंजी पांढरे पडले होते.

"गेलं," ते म्हणाले. "सांडलं सगळं. मी म्हणत होतो."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं, पण त्यातून शब्द यायच्या आत सूनबाईच पुढे झाली. तिच्या हातात पहार होती, केस करपले होते, आणि चौथं तोंड बंद राहिलं तर घटकाभरात चाळीस हजार विटांचं काय होणार हे तिला दिसत होतं. उपदेश करायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

"मामंजी, तुम्हाला ते दिलं तेव्हा तुमचं तोंड काय धुतलेलं होतं?"

"नव्हतं."

"सहा आठवडे तुमचं सगळं मी काढलंय. तुम्ही कसे आहात ते मला विचारा. मला माहीत आहे, आणि देवाला माहीत नव्हतं होय? त्याने आंधळेपणाने दिलं का? सगळं बघून दिलं! भिंतीतल्या विटांसकट! एका शिवीवर परत घ्यायचं असतं तर दिलंच कशाला असतं? तो काय या सुतारासारखा आहे, वस्तू देऊन रोज विचारायला, लागते की परत नेऊ?"

"मी एकदाच विचारलं," सुतार दुखावून म्हणाला.

"तुमच्या चांगलेपणामुळे मिळालं नाही, तर तुमच्या वाईटपणामुळे जाईल कसं? उठा! तुम्ही काय ते सांडणार! तुमच्या हातात आहे का ते?"

हे बोलून झाल्यावर तिलाच धक्का बसला. असं काही आपल्याला वाटतं हे तिला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं उपदेश करून पाळकसाहेबांना हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. ते "आमेन" म्हणाले आणि शिंकले.

मामंजींनी पांघरूण बाजूला केलं, पाय खाली सोडले आणि म्हणाले, "माझी पहार कुणी घेतली?"

पुढचे पाच दिवस मामंजी भट्टीवरून हलले नाहीत. पाय लटपटायचे, म्हणून बघू त्यांना मागून कमरेला धरून उभा असायचा, आणि असा धरलेला असताना कुठला धूर कशाचा हे त्यालाही हळूहळू कळायला लागलं. दारू मात्र त्यांनी मागितली नाही, पाणीच प्यायले, आणि पाण्यावर इतक्या चांगल्या शिव्या येतात याचं त्यांनाच नवल वाटलं. प्रत्येक शिवीनंतर ते वर बघून "माफ कर" म्हणत आणि पुढची देत. पाळकसाहेब रोज यायचे. शिव्या ऐकून कानावर हात ठेवावेत असं त्यांच्या मनात येई, पण दोन्ही हातांत ओंडका असायचा.

भट्टी पेटवल्यापासून सहाव्या दिवशी दुपारी वारा फिरला. वाऱ्याकडच्या तोंडातून आग बाहेर आली आणि सूनबाई ते बुजवायला धावली. निखाऱ्यांचा ढीग घसरून तिच्या दोन्ही पायांवर आला. तिने आधी तोंड बुजवलं, मातीचा शेवटचा गोळा हाताने थापला आणि मग खाली बघितलं. मग ती बसली ती बसलीच.

सातव्या दिवशी मामंजींनी सगळी तोंडं बंद करायला सांगितली. आता भट्टी आपोआप निवायची. त्यानंतर तिसऱ्या दिवशी पाऊस आला, दोन दिवस कोसळला. बघूने वर ताडपत्र्या टाकल्या. त्या वाऱ्याने फडफडत होत्या आणि घरात खाटेवर सूनबाई तो आवाज ऐकत पडली होती. खाट मामंजींचीच होती. दोन्ही पाय फडक्यात गुंडाळलेले. डॉक्टरांनी महिनाभर जमिनीवर टेकू नका म्हणून बजावलं होतं. भट्टीवरचं लिंपण धुऊन जात होतं, आत पाणी शिरत होतं, आणि कच्ची राहिली असेल ती वीट या क्षणी चिखल होत असेल. तिला काही करता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीच करता येत नव्हतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे सुतारीण. ती सकाळ-संध्याकाळ यायची. सूनबाईचं अंग पुसायची, केस विंचरायची, भांडं न्यायची, पायांची फडकी बदलायची. कुणी बोलावलं नव्हतं तिला. ती आली की सूनबाई डोळे मिटून झोप लागल्याचं दाखवायची.

पेटवल्यापासून बाराव्या दिवशी भट्टी उघडली. सकाळपासून बाहेर माणसांचे आवाज येत होते. दहा-पंधरा आवाज. सूनबाईने कोपरावर उठून खिडकीतून पाहिलं. अर्धी मंडळी आली होती. रांग लावून, हातोहात, विटा उतरवत होती. पाळकसाहेब रांगेत मधोमध होते आणि शिंकले की वीट पाडत होते. यातल्या कुणाकडे ती कधी काही मागायला गेली नव्हती.

मामंजी आत आले. डोक्यापासून पायापर्यंत लाल धूळ, हातात एक वीट. त्यांनी ती तिच्या मांडीवर ठेवली. कोमट होती. लालभडक. कोपऱ्यात अंगठ्याचा खळगा. मामंजींनी बोटाच्या पेराने तिच्यावर ठोकलं. वीट खणखणीत वाजली.

"वाऱ्याकडच्या दोनेकशे चिकटल्या," ते म्हणाले. "तडकल्या त्या पाचेकशे. त्या गाढवाची कृपा. बाकी सगळ्या अशा आहेत."

सूनबाईने वीट दोन्ही हातांनी धरली आणि ती रडायला लागली. रडता रडता पाय खाली सोडायला लागली. "उठते मी. एवढी माणसं राबताहेत. निदान चहा तरी..."

"सुतारणीने केला चहा. पड."

"मग उद्या प्रत्येकाकडे काहीतरी..."

"पड म्हणतो ना!"

ती पडली. वीट पोटावर तशीच. "मामंजी, मला सवय नाही हो. असं नुसतं घ्यायची. लाज वाटते."

मामंजी खाटेच्या कडेला बसले. त्यांनी आपल्या तळहातांवरचे फोड बघितले.

"वाटते," ते म्हणाले. "मला काय वाटत नव्हती? तू भांडं न्यायला यायचीस तेव्हा सहा आठवडे मी काय झोपलेला असायचो?"

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला कशाचीच पर्वा नाही, घोरत पडतो.

"मग काय केलंत?"

"काय करणार? एक दिवस डोळे उघडले. त्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नसतं त्यात."

ते उठले आणि बाहेर जाऊन कुणालातरी वीट नीट धरत नाही म्हणून शिवी देऊ लागले. दारातून सुतारीण आत आली. एका हातात कोमट पाण्याचं घमेलं, दुसऱ्या हातात धुतलेली फडकी. सूनबाईच्या पापण्या सवयीने मिटायला लागल्या. तिने त्या उघड्या ठेवल्या.

"जागी आहेस होय आज?" सुतारीण म्हणाली. "दुखतंय का गं फार?"

"दुखतंय," सूनबाई म्हणाली आणि तिच्याकडे बघत बघत पाय पुढे केले.